घरबसल्या शिका: मदतनीस कशी ठेवावी

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांच्या आईचे गुडघे नुकतेच थकले, ज्यांच्या भावाचं लग्न ठरलं, किंवा ज्यांना हॉस्पिटलमधून 'आता घरी सतत कोणीतरी लागेल' एवढं सांगून व्हीलचेअरसकट लिफ्टमध्ये घालण्यात आलं, ते सगळे नवशिके. हे 'कोणीतरी' कुठे मिळतं, केवढ्याला पडतं आणि घरी आणल्यावर त्याचं काय करायचं असतं, हे डिस्चार्ज कार्डावर नसतं. तिथे गोळ्यांची नावं आणि पुढच्या तपासणीची तारीख असते.

माझी पात्रता विचाराल, तर मानेच्या सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला इजा. खांदे हलतात, कोपरं वाकतात, मनगट वर उचलता येतं, बोटं नावापुरती. छातीखाली स्पर्श कळत नाही. पेरांनी फोन चालवते, तळहाताच्या पट्ट्यात अडकवलेल्या काडीने टाइप करते आणि त्यावर कमावते. पण सकाळी पलंगावरून खुर्चीत येणं, आंघोळ, कपडे, संडास, रात्री कूस बदलणं ही सगळी कामं दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी होतात. शिवाय मी पुण्यात राहते. त्यामुळे इतरांनी कसं वागावं हे सांगण्याचा अधिकार मला दोन्ही बाजूंनी आहे.

पूर्वतयारी

एक कागद घ्या. म्हणजे कोणाला तरी घ्यायला सांगा. त्यावर तुमचा चोवीस तासांचा दिवस लिहून काढा: काय लागतं, किती वाजता लागतं आणि नेमकं कसं लागतं. 'सकाळचं आवरणं' असं मोघम लिहिलंत, तर पहिल्याच दिवशी आंघोळीच्या आधी अंगाला पावडर लागलेली असेल. कॅथेटर दर चार ते सहा तासांनी. रात्री कूस दर दोन तासांनी. पोट साफ करायचं एक दिवसाआड, सपोझिटरी घातल्यापासून पाऊण तास. आणि त्या पाऊण तासात दाराची बेल वाजली तर उघडायचं की नाही, तेसुद्धा लिहा.

हे लिहिताना लाज वाटेल. आपल्याकडे मुलींना पाणी मागतानासुद्धा 'तू उठलीच आहेस तर' अशी सुरुवात करायला शिकवलेलं असतं. ती पद्धत इथे उपयोगाची नाही. मदतीला ठेवलेली मावशी उठलेली नसते. तिला उठवायचं असतं आणि त्यासाठीच तिला पगार असतो.

कागद घरच्यांसमोर लिहू नका. कोणीतरी 'आम्ही आहोत ना' म्हणेलच. आहेत, हे खरं आहे. म्हणून तर तुम्ही कित्येक वर्षं संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, रात्री कोणाला उठवायला लागू नये म्हणून.

ब्युरो

पूर्वी अशी बाई ओळखीतून मिळायची. आता शहरात प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलच्या आसपास ब्युरो आहेत. फोन केलात की प्रश्न सुरू होतात. पेशंट लेडीज की जेन्ट्स? वजन किती? चालतं का? डायपर आहे का? घरात माणसं किती? तुम्ही पेशंटच्या कोण?

'मीच पेशंट.'

इथे पलीकडे जरा शांतता पसरते. मग आवाज मऊ होतो. 'घरात मोठं कोणी आहे का?'

तुमचं वय बेचाळीस असलं आणि घराचा हप्ता तुमच्या खात्यातून जात असला तरी हा प्रश्न येणारच. योग्य उत्तर: 'आहे. बोलतेय.'

मग व्यवहाराचं बोला. बारा तासांची दिवसपाळी, बारा तासांची रात्रपाळी की चोवीस तास? नोंदणीची फी किती, बाई सोडून गेली तर बदली किती दिवसांत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी देते त्यातले तिच्या हातात किती पडतात? या प्रश्नाला ब्युरोवाले हसतात. मग तिलाच विचारा. फरक मोठा असेल तर ती दोन-तीन महिन्यांत दुसरीकडे जाणार, आणि त्यात तिचं काही चुकलेलं नसेल. आधार कार्डाची प्रत, फोटो, गावाकडचा पत्ता, पोलीस पडताळणी हे सगळं घ्या. 'आमच्याकडच्या सगळ्या ट्रेन्ड आहेत' हे वाक्य मात्र मनावर घेऊ नका. त्यात सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी असते आणि कोणाच्या तरी आजोबांचं शेवटचं आजारपण काढलेली बाईही असते. पहिलीला रक्तदाब मोजता येतो, दुसरीला चेहरा वाचता येतो. दोन्ही येणारी मिळाली तर ब्युरोला लगेच हो सांगा आणि शेजारपाजारी तिचं कौतुक अजिबात करू नका. पळवतात.

मुलाखत

हा कार्यक्रम कांदेपोह्यांसारखाच असतो. ब्युरोने दोन्हीकडे थोडं खोटं सांगितलेलं असतं, सगळे एकमेकांकडे न बघता फरशीकडे बघत असतात आणि मुख्य माणसाला कोणी काही विचारत नाही. फरक एवढाच की इथे दोघींपैकी जी नोकरी देणार आहे तीच बसलेली असते.

आईला स्वयंपाकघरात पाठवा. ती खोलीत असेपर्यंत येणारी बाई तिच्याशीच बोलणार. 'तुम्हाला काय काय येतं?' असं विचारू नका, 'सगळं' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, 'पाठीच्या खाली लाल डाग दिसला तर काय कराल?' 'पावडर लावीन' म्हणणारीला शिकवावं लागेल. 'तेल लावून चोळीन' म्हणणारीला जास्त शिकवावं लागेल, कारण लाल झालेली कातडी चोळली की खालचं मांस आणखी दुखावतं. 'तुम्हाला सांगीन आणि त्या कुशीवर ठेवणार नाही' म्हणाली, तर पगाराचं बोलायला लागा.

दुसरी परीक्षा चहाची. तुमच्या आवडीचा चहा सांगा, शक्यतो जगावेगळा. मी बिनसाखरेचा कोमट चहा सांगते. 'असा चहा असतो का कुठं,' असं म्हणून ती तसाच करून आणते का, हे बघायचं. म्हणायला काही हरकत नाही. करून आणला पाहिजे. तब्येतीला बरा म्हणून साखर घालून गरम आणला, तर पुढे तुमचे कपडे, तुमची झोप, तुमचा फोन हे सगळं तब्येतीला बरं पडेल तसंच होणार.

तिची स्वतःची पाठ दुखते का हेही विचारा. ती नाही म्हणेल. मग तिला जमिनीवरून पाण्याची भरलेली बादली उचलायला सांगा आणि ती कमरेतून वाकते की गुडघ्यातून, ते बघा.

नातेवाईक तेवढ्यात 'कुठल्या त्या?' असं विचारून घेतील. ते गाव विचारत नसतात हे तिलाही कळतं. तिच्यासाठी वेगळा कप काढणारं घर असेल तर आधी त्या कपाचा बंदोबस्त करा. जिचे हात रोज सकाळी आपल्या अंगावरून फिरतात तिच्या ओठांचा विटाळ मानायचा, हे ज्यांना जमतं त्यांच्या हिशेबात मला पडायचं नाही. माझ्या घरात कप एकाच रांगेत असतात आणि ज्यांना ते खटकतं ते चहा न घेता जातात.

प्रशिक्षण

पहिला आठवडा तुम्ही आकाशवाणी केंद्र आहात, असं समजा. जे हाताने दाखवता येत नाही ते तोंडाने सांगायचं. 'खुर्ची पलंगाला तिरकी लावा. दोन्ही ब्रेक. फूटरेस्ट वर. आता माझे पाय जमिनीवर. तुमचे गुडघे वाकवा, पाठ नको. मी तीन म्हटलं की.' हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. एक-दोन-तीन तुम्ही मोजायचं. ज्या घरात मोजणी मावशी करते तिथे पेशंट हे उचलायचं सामान असतं. लाकडी सरकपट्टी असेल तर उचलावंच लागत नाही, सरकता येतं. पण पट्टी आणायला कपाटापर्यंत जाण्यापेक्षा 'या, धरते' म्हणणं प्रत्येकीला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी हट्ट धरा. दहाव्या दिवशी धरलात तर तो स्वभाव गणला जातो.

काही गोष्टींत विनोदाला जागा नाही, तेवढ्या एका दमात सांगते. पाण्याचा गरमपणा मावशीने स्वतःच्या कोपराला लावून बघायचा, कारण तुमच्या पायांना कळत नाही आणि कातडी भाजल्यावरही तुम्ही गाणं गुणगुणत असाल. गरम पाण्याची पिशवी घरातून हद्दपार. एअर बेड असला तरी कूस बदलायचीच. खुर्चीतही दर अर्ध्या तासाने तरी पुढे झुकवून बसण्याच्या जागेवरचा भार काढायचा. रोज रात्री पाठीचा आणि खालच्या भागाचा फोटो काढून तो तुम्हाला दाखवायचा. लाजायला नंतर वेळ आहे. शय्याव्रण एकदा खोल गेला की महिनेच्या महिने पालथं पडून राहावं लागतं.

आणि हे कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवा: ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर आहे, त्यांचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला, तर आधी सरळ बसवायचं, कपडे सैल करायचे आणि लघवीची नळी बघायची. बहुतेक वेळा नळीला पीळ पडलेला असतो किंवा पिशवी तुडुंब भरलेली असते. शरीराला खालचा त्रास कळवायला दुसरी वाट नसते, म्हणून ते रक्तदाब चढवतं, आणि तो जीवघेणा चढू शकतो. कारण सापडेना आणि डोकं थांबेना, तर हॉस्पिटल. मराठी घरात डोकं दुखलं की पहिला हात बामच्या डबीकडे जातो. बाम लावायचा असेल तर नळी बघून झाल्यावर लावा.

एवढं शिकवून झालं की खरं प्रशिक्षण सुरू होतं. ते केसांपासून सुरू होतं.

बाईमाणूस अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलं की पंधरा दिवसांच्या आत कोणीतरी म्हणतं, 'केस कापून टाकू या, सोयीचं पडेल.' सोयीचं कोणाला, हे वाक्यात नसतं. पाठोपाठ दिवसभर गाउन. गाउन घालायला सोपा, काढायला सोपा, धुवायला सोपा, आणि त्या गाउनात बसून तुम्ही ऑफिसच्या मीटिंगला तोंड दाखवणार असता. मावशीचा यात दोष नाही. तिला आजवर भेटलेल्या सगळ्या घरांनी हेच शिकवलेलं आहे. म्हणून तिला सांगायचं: केस लांबच राहणार, रोज विंचरून वेणी घालायची, वेळ लागला तर लागू दे. कुर्ता निळा. कानातलं डावीकडच्या डबीतलं. ती म्हणेल, 'कुठं जायचंय का?' म्हणायचं, 'नाही.' बस्स. कारण द्यायचं नाही. कारण दिलंत तर उद्या कारण नसेल त्या दिवशी गाउन.

सोयीचा हा युक्तिवाद कुठपर्यंत जातो ते पुण्याला ठाऊक आहे. 1994 साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची आणि बायकांची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितलं गेलं. गदारोळ झाला, मोर्चे निघाले. आज 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात लिहिलेलं आहे की मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. तरी 'पिशवी काढून टाका, कटकट नको' असं सांगणारे शहाणे मला स्वतःला भेटलेले आहेत, आणि त्यांतल्या एका बाईंच्या हातात माझ्यासाठी आणलेला प्रसाद होता.

तेव्हा मावशीला पॅड बदलायला शिकवा आणि त्या शहाण्यांना जिन्याची वाट दाखवा.

तिसरा माणूस

मावशी तयार झाली की तिला घेऊन बाहेर पडा. हॉटेलात वेटर मेनूकार्ड मावशीला देतो आणि विचारतो, 'यांना काय?' डॉक्टर मावशीला विचारतात, 'पेशंटला झोप लागते का?' रिक्षावाला, बँकेतला शिपाई, देवळाबाहेरची फुलवाली, सगळे खुर्चीच्या दोन फूट वर बघून बोलतात. इथे तुम्ही आवाज चढवून उपयोग नाही, तो त्यांना आजाराचं लक्षण वाटतो. हे काम मावशीचं. तिला दोनच गोष्टी शिकवा: 'ताईंना विचारा' हे दोन शब्द, आणि ते म्हणून झाल्यावर छताकडे बघणं. चांगली मावशी छताकडे इतकी तल्लीन होऊन बघते की वेटरला खाली बघावंच लागतं.

मदतनीसाने कोणाचं ऐकायचं, याला थोडा इतिहास आहे. पोलिओमुळे मानेखाली लुळा पडलेला एड रॉबर्ट्स 1962 साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. श्वासासाठी रात्री लोखंडी फुफ्फुसाच्या यंत्रात झोपायचं, म्हणून त्याची राहण्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात. पाठोपाठ त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले, आणि ती मुलं रात्री एकमेकांच्या खोलीत जमून एका साध्या गोष्टीवर आली: मदतनीस निवडायचा आम्ही, शिकवायचा आम्ही, काढायचाही आम्ही. 1972 साली त्यातून त्या गावात पहिलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. स्वतःची बुटं स्वतः घालता आली म्हणजे माणूस स्वतंत्र, हे त्यांनी मानलंच नाही. कुठली बुटं घालायची आणि ती घालून कुठे जायचं, हे ठरवणारा स्वतंत्र. रॉबर्ट्सच्या बाबतीत काही तज्ज्ञांनी आधी 'नोकरी अशक्य' असा शेरा मारलेला होता. पुढे 1975 मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी ही गोष्ट सांगितली, तर ते मावशीला म्हणाले, 'वाचन बरंच आहे हो यांचं.'

पैसे

आता रडायचं असेल तर इथे रडून घ्या.

पुण्या-मुंबईत चोवीस तासांच्या बाईचा महिन्याचा खर्च वीस ते तीस हजारांच्या घरात जातो. वर तिचं जेवणखाण. पंचवीस धरले तरी वर्षाचे तीन लाख. आता सरकार काय देतं ते बघू. तुमचं अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल, तर आयकर कायद्याप्रमाणे करपात्र उत्पन्नातून सव्वा लाख वजा होतात. करातून नव्हे, उत्पन्नातून. नव्या प्रणालीत तेही नाही. उत्पन्नच नसेल तर संजय गांधी निराधार योजना. तिची रक्कम राज्याने 2025 मध्ये दिव्यांगांसाठी महिना 2500 रुपये केली. त्यात बाई साधारण तीन दिवस येते. उरलेले सत्तावीस दिवस तुम्ही पडून राहायचं.

गंमत म्हणजे आपल्यासोबत माणूस लागतो हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. एसटीत तुम्हाला पाऊणपट सवलत मिळते आणि अपंगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. रेल्वेत तर, एकट्याने प्रवास करता येत नाही असा दाखला असला, की तुमच्याइतकीच सवलत सोबत्याला. म्हणजे स्वारगेटहून साताऱ्यापर्यंत तुम्हाला माणूस लागतो हे मान्य. साताऱ्याला उतरलात, की तुमचं तुम्ही चालू लागा.

कायद्यात मात्र सगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या ज्या करारावर भारताने 2007 मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्याच्या एकोणिसाव्या कलमात घरी राहण्यासाठी लागणारी वैयक्तिक मदत नाव घेऊन सांगितलेली आहे. 2016 च्या कायद्यातलं कलम 38 म्हणतं की ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांनी तसा अर्ज करायचा, मूल्यांकन मंडळाने ती गरज तपासायची आणि सरकारने आधार पुरवण्यासाठी पावलं उचलायची. तुम्ही हा अर्ज करा. खरंच करा, हा मार्गदर्शिकेतला विनोद नाही. कागदावर 'मला रोज इतके तास मदतनीस लागतो' असं स्पष्ट लिहा, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र पाठवा. मागणीचे कागद फायलीत पडल्याशिवाय 'अशी कोणाची मागणीच नाही' हे उत्तर खोटं पाडता येत नाही. स्वीडनमध्ये 1994 पासून मोठी गरज असलेल्या माणसाला मदतनीस हा हक्क आहे: माणूस निवडायचा तुम्ही, पैसे द्यायचे सरकारने. तिथली बर्फाची कटकट सोडली तर व्यवस्था बरी वाटते.

आणि एक गोष्ट बाईच्या बाजूने. मला हे परवडतं कारण तिची मजुरी स्वस्त आहे. माझी सकाळ वेळेवर होते, कारण लातूर-नांदेडकडच्या एखाद्या गावात तिची मुलगी आज आजीकडे आहे आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू धाकट्या जावेकडे. जावेला कोणी पगार देत नाही. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, पण साप्ताहिक सुट्टी मिळायची तर ती अजूनही तुमच्या-माझ्या मर्जीवर मिळते. ती द्या, तीही पगारी. उचल मागितली तर वहीत लिहून द्या आणि हप्त्याने कापा, पण एका महिन्यात सगळी कापू नका. पगार सात तारखेच्या आत. आपल्या अपंगत्वाचं दुःख तिच्या पगारातून वसूल करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे बाई टिकत नाही आणि ते 'हल्ली माणसं मिळत नाहीत' म्हणत बसतात.

भांडण

होणारच. दोन माणसं एका खोलीत चोवीस तास राहिली की होतं. फक्त हे ध्यानात ठेवा की तिला रागाने खोलीबाहेर जाता येतं आणि तुम्हाला नाही. म्हणून भांडायचं तर खुर्चीत बसलेलं असताना भांडा. पलंगावर निजवून झाल्यावर भांडू नका आणि कमोड चेअरवर तर मुळीच नको. तोंड उघडण्याआधी फोन हाताशी आहे ना, बघून घ्या.

पण धसमुसळेपणा, शिवीगाळ, मुद्दाम पाणी न देणं, पैशाला हात लावणं, हे भांडणात मोडत नाही. अशा वेळी 'दुसरी मिळेपर्यंत सहन करू' हा सल्ला घरातूनच येतो. ऐकू नका. रोज ठरावीक वेळी मैत्रिणीला फोन करायची पद्धत ठेवा, फोन आला नाही तर तिने यायचं असं ठरवून. 2016 च्या कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे करता येते, तुमच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. खोलीत कॅमेरा लावा असंही लोक सुचवतात. त्याच खोलीत तुमची आंघोळ होते, हे सुचवणाऱ्यांना दरवेळी सांगावं लागतं.

ती येत नाही तेव्हा

गणपती, जत्रा, लग्नसराई, सोयाबीनची काढणी, मुलीची दहावी, मतदान. यांतल्या तारखा पंचांगात आणि वर्तमानपत्रात आधी कळतात, तेव्हा महिनाभर आधी तिलाच विचारून बदली ठरवा. ऐन वेळचं सुतक मात्र कोणाला सांगून येत नाही. आलंच, तर तीन फोन नंबर तयार पाहिजेत: ब्युरोचा, पूर्वी सोडून गेलेल्या मावशीचा, आणि अशा एका शेजारणीचा जिला किमान कूस बदलता येते. शेजारणीला आधीच शिकवून ठेवा. तिचे यजमान दारात घुटमळतील, त्यांना पेपर वाचायला द्या.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एका रात्रीत शहरातल्या मावश्या रस्त्याच्या पलीकडे राहिल्या. मदतनीसांना जाण्यायेण्याचे पास द्यावेत अशा सूचना केंद्राने पहिल्या काही दिवसांतच काढल्या. चौकातल्या हवालदारापर्यंत त्या पोचायला मात्र वेळ लागला. तोवर अनेकांना आपापल्या म्हाताऱ्या आयांनी पुन्हा उचललं.

निरोप

प्रत्येक मावशी जाते. जास्त पगार, नवऱ्याची बदली, पाठ, गावाकडचं घर, नाहीतर नुसता कंटाळा. 'तू गेलीस तर माझं कसं होणार' असं म्हणू नका. ते खरं असतं, पण तिला थांबवण्याचं ते साधन नव्हे. हिशेब पूर्ण करा, राहिलेल्या सुट्ट्यांचे पैसे द्या, आणि जाण्याआधी नवीला चार दिवस शिकवून जाशील का, म्हणून विचारा. त्या चार दिवसांचा पगार दोघींना द्यायचा. महाग वाटतं, पण नळी कशी बघायची हे मावशीने मावशीला सांगितलेलं जास्त टिकतं.

मग तिला एक शिफारसपत्र लिहून द्या. ब्युरोच्या छापील नमुन्यातलं नको. त्यात तिला नेमकं काय येतं ते लिहा: सरकपट्टी वापरते, कातडी रोज बघते, विचारल्याशिवाय निर्णय घेत नाही. खाली तुमचा नंबर घाला. पुढच्या घरून चौकशीचा फोन येईल तेव्हा खरं सांगा. प्रामाणिक आहे, हात हलका आहे, झोप गाढ आहे त्यामुळे रात्री दोनदा हाक मारावी लागते, चहा सांगाल तसा करते. आणि फोन करणारी व्यक्ती पेशंटचा भाऊ, आई किंवा सून असेल, तर तिला म्हणा, जरा पेशंटकडे फोन द्या.